उडी सहाही चेंबरमध्ये तेवढीच होती

ऑक्टोबर छाटणीची धांदल उरकली आणि आप्पा पुन्हा नेमबाजीच्या रेंजवर यायला लागले. दिंडोरीकडे त्यांची द्राक्षबाग आहे, वय ५८, आणि गेली काही वर्षं २५ मीटर सेंटर फायर हा त्यांचा जीव की प्राण असलेला प्रकार. हत्यार सहा इंची नळीचं, जुनं, आयात केलेलं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर. मागचं साइट स्क्रूने वरखाली करता येतं. चुलत्यांकडून वारसाने आलेलं, पण आप्पांनी ते देवघरातल्या समईसारखं जपलंय.

या वेळी मात्र त्यांचा चेहरा उतरलेला होता. पाच गोळ्यांच्या सिरीजला पन्नासपैकी ४४ ते ४६ गुण मिळवणारा माणूस ३६-३८ वर अडकला होता. बदल एकच झाला होता. सततच्या कात्री चालवण्याने उजवं मनगट धरलं होतं, डॉक्टरांनी धक्का टाळायला सांगितलं होतं, म्हणून त्यांनी दुकानदाराकडून नेहमीच्या लाँगऐवजी शॉर्ट काडतुसं घेतली होती. पेटीवर नाव स्वच्छ होतं: .३२ स्मिथ अँड वेसन. नेहमीचं त्यांचं काडतूस म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, जे आपल्याकडे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतं आणि बत्तीसचा परवाना असलेल्या बहुतेकांच्या कपाटात असतं. शॉर्ट त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये बसतं, सुटतं, धक्काही कमी देतं. फक्त नेम गेला.

रेंजवर निदान पाच मिनिटांत झालं. पोलीस खात्यातून आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारे, म्हणून निवृत्त झालेले आमचे काका म्हणाले, "गोळी उडी मारते आप्पा. लांब चेंबरात आखूड काडतूस घातलं की गोळी आधी हवेतून जाते, मग गळ्यात शिरते. उडी मारली की नेम गेला." बाकीच्यांनी माना डोलावल्या. हे वाक्य मी याआधी किमान दहा जणांकडून ऐकलं असेल, आणि काकांसारखा हजारो हत्यारं हाताळलेला माणूस बोलतो तेव्हा त्याला वजन असतं.

मी नाशिकच्या अंबडला एका टूलरूममध्ये तपासणी विभागात आहे. माझं पोट मापांवर चालतं. एखादा जॉब नापास झाला की कारण सगळ्यांना आधीच माहीत असतं, आणि मोजल्यावर निम्म्या वेळा ते कारण निघत नाही. म्हणून मी आप्पांना म्हटलं, उडी आहे हे खरं. पण तुमचे आठ गुण एकट्या उडीने खाल्लेत का, हे बघू या.

आधी उडी म्हणजे काय

या रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरमध्ये काडतुसं बसायला सहा भोकं असतात, त्यांना चेंबर म्हणतात. काडतुसाचं धातूचं नळकांडं म्हणजे पुंगळी, आणि तिला तळाशी बाहेर आलेला काठ असतो. तो सिलिंडरच्या मागच्या तोंडावर टेकतो आणि काडतूस तिथेच थांबतं. पुढे पुंगळी किती लांब आहे याचा बसण्याशी काही संबंध नाही. म्हणूनच लांब चेंबरमध्ये त्याच जाडीचं आखूड काडतूस बिनबोभाट बसतं.

चेंबर आतून एकसारखं नसतं. मागचा भाग रुंद, पुंगळीच्या मापाचा. तिथून पुढे एक पायरी येते आणि भोक अरुंद होतं, गोळीच्या मापाचं. या अरुंद भागाला आपण गळा म्हणू. बत्तीसमध्ये रुंद भाग साधारण ८.६ मिमी असतो आणि गोळी ८ मिमीच्या जरा आत. म्हणजे रुंद भागात गोळी मोकळी झाली तर तिच्याभोवती चहूबाजूंनी ०.३ मिमी जागा असते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण गोळी त्यात तिरकी व्हायला तेवढी पुरते.

आता लांबी बघा. लाँगची पुंगळी २३.४ मिमी, शॉर्टची १५.४. फरक ८ मिमी, आणि एवढ्या छोट्या काडतुसाच्या मानाने तो फार मोठा आहे. यातली एक गोष्ट मला पहिल्यांदा व्हर्नियर लावल्यावर लक्षात आली आणि मी थांबलोच. भरलेलं अख्खं शॉर्ट काडतूस, गोळीच्या नाकासकट, जास्तीत जास्त २३.६ मिमी. म्हणजे लाँगची नुसती रिकामी पुंगळी जिथे संपते, तिथे शॉर्टच्या गोळीचं फक्त नाक पोचतं. नाक निमुळतं असतं, ते गळ्याला कुठे टेकत नाही. गोळीचा जो पूर्ण जाडीचा भाग आहे तो अजून मागेच असतो, आणि तो गळ्यापर्यंत पोचायच्या आत गोळीची शेपटी पुंगळीतून सुटलेली असते. मधले काही मिलिमीटर गोळीला मागून धरणारं कुणी नाही आणि पुढून धरणारंही कुणी नाही.

हेच गणित .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम या दुसऱ्या आखूड-लांब जोडीचं वेगळं आहे. तिथे पुंगळ्या २९.३ आणि ३२.८ मिमीच्या. फरक साडेतीन मिमीच्या आसपास. तोही मुद्दाम ठेवलेला, १९३५ मध्ये मॅग्नम आलं तेव्हा ते जुन्या .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये शिरू नये म्हणून. नेहमीच्या गोल नाकाच्या .३८ स्पेशलची गोळी पुंगळीबाहेर इतकी येते की मॅग्नमच्या चेंबरमध्ये ठेवल्याबरोबर तिचं नाक गळ्यात असतं. चपट्या तोंडाची टार्गेट गोळी पुंगळीत पूर्ण बुडवलेली असते, तिला साडेतीन मिमी चालावं लागतं, पण ती लांब असते. पुढचं टोक गळ्यात शिरलं तरी शेपटी अजून पुंगळीत. सतत कुणीतरी धरलेलं. त्यामुळे .३५७ च्या चांगल्या रिव्हॉल्व्हरमधून .३८ ची टार्गेट काडतुसं वापरणारे नेमबाज जगभर आहेत आणि त्यांचे ग्रुप, म्हणजे भोकांचे पुंजके, छान येतात. "आखूड काडतूस, नेम गेला" असा सरसकट नियम करणाऱ्यांनी ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघावीत. उडी किती मिलिमीटरची यापेक्षा उडीच्या वाटेत गोळी पूर्ण सुटते की नाही, हा प्रश्न मोठा आहे.

आप्पांच्या बाबतीत ती सुटत होती. म्हणजे काकांचा संशय पोकळ नव्हता.

पहिला रविवार: गुण गेले कुठे

नाशिकमध्ये नेमबाजीचा विषय निघाला की भीष्मराज बाम सरांची आठवण निघतेच. पोलीस अधिकारी आणि क्रीडा मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या प्रभावाने इथल्या नेमबाजांना एक चांगली सवय आहे, गुण घसरले की माणूस आधी स्वतःच्या मनाकडे आणि श्वासाकडे बघतो. आप्पांनीही महिनाभर तेच केलं होतं. पहाटे उठून श्वासाचा सराव, रिकाम्या हत्याराने चाप दाबण्याचा सराव. माणूस स्वतःला दोष देत राहिला आणि कागदाकडे कुणी नीट बघितलंच नाही.

मी त्यांची जुनी टार्गेटं मागवली. त्यांच्या मुलीने ती तारखा घालून फाइलला लावलेली होती, हे माझं नशीब. लाँगच्या आणि शॉर्टच्या कागदांचा गठ्ठा शेजारी शेजारी ठेवला तर शाळकरी पोरालाही दिसलं असतं. शॉर्टची भोकं नुसती पसरलेली नव्हती, सगळी खाली सरकलेली होती.

म्हणून पहिल्या रविवारी बाकी काहीच केलं नाही. वाळूच्या पिशव्या लावल्या, आप्पांनी मनगटं पिशवीवर टेकवली. नळी पिशवीला लावायची नाही, नाहीतर हत्याराची उसळी बदलते. घोडा चढवून, सावकाश, बारा लाँग आणि बारा शॉर्ट. प्रत्येक गठ्ठ्याचा मध्य काढला. शॉर्टचा मध्य लाँगपेक्षा ५५ मिमी खाली.

कारण सरळ आहे. चाप दाबल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत हत्याराचं तोंड थोडं वर उचललं गेलेलं असतं. साइट ही उसळी धरूनच जुळवलेलं असतं. लाँगची गोळी ९८ ग्रेन, म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या जरा आत. शॉर्टची ८५ ते ८८ ग्रेन, म्हणजे साडेपाच ग्रॅमच्या आसपास, आणि वेग काही जास्त नाही. धक्का कमी, उसळी कमी, गोळी खाली. आप्पांच्या मनगटाला जे बरं वाटत होतं, तेच गोळीला खाली नेत होतं.

५५ मिमी म्हणजे किती गुण? २५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिमी व्यासाचं असतं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ ५० मिमीने वाढतं. म्हणजे मध्यापासून २५ मिमीला दहा संपतो, ५० ला नऊ, ७५ ला आठ. गोळीचा काठ रेषेला लागला तरी वरचा गुण मिळतो हे धरूनही, ज्या गोळीने मधोमध दहा घेतला असता ती ५५ मिमी खाली गेली की आठ. एकही चूक न करता दोन गुण गेले.

मागचं साइट वर घेतलं. त्याच दुपारी उभं राहून, नेहमीसारखं, शॉर्टच्या चार सिरीज झाल्या आणि सगळ्या ४१-४२ च्या. आठ गुणांच्या घसरणीतले पाच गुण एका स्क्रू ड्रायव्हरने परत आले. आप्पा काही बोलले नाहीत. कागद हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. महिनाभर हा माणूस आपल्या श्वासात खोट शोधत होता, याचं मला फार वाईट वाटलं.

उरले तीन गुण. आता काकांच्या उडीची पाळी.

दुसरा रविवार: पिन गेज

हत्यार किंवा त्याचा सिलिंडर अंबडला नेऊन आमच्या टेबलावर मोजणं सोपं झालं असतं, पण हत्याराचा सुटा भागही कायद्याने हत्यारच असतो. तो पिशवीत घालून गावभर फिरवायचा नसतो. म्हणून पिन गेजची, म्हणजे भोकं मोजायच्या अचूक मापाच्या पोलादी कांड्यांची, पेटी मी रेंजवर नेली. पुंगळीत दारू आणि गोळी घालून काडतुसं आपल्या हाताने वेगवेगळी तयार करून बघावीत अशी एक सूचना कुणीतरी केली, ती तिथेच थांबवली. परवान्याशिवाय असं काडतूस तयार करणं हा गुन्हा आहे. जे हातात होतं त्यावरच प्रयोग करायचा होता.

रिव्हॉल्व्हर रिकामं आहे हे तिघांनी आळीपाळीने पाहिलं. काकांनी गळे ब्रशने आणि सॉल्व्हंटने घासून घासून चकचकीत केले, कारण शिशाचा एक पापुद्रा राहिला तरी माप खोटं येतं. मग पुढच्या बाजूने एकेक पिन. पिन ढकलायची नाही. तेलाचं बोट लावून तोंडाशी धरायची, सोडायची, आणि ती स्वतःच्या वजनाने उतरली पाहिजे. ७.९० उतरली. ७.९२ उतरली. तिसऱ्या चेंबरमध्ये ७.९४ अगदी हळू, मधात चमचा बुडावा तशी उतरली आणि ७.९५ तोंडावरच बसून राहिली. काकांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. मग चौथ्या चेंबरमध्ये ७.९५ खडखडत गेली. ७.९८ गेली. ८.०० गेली. ८.०३ सुद्धा गेली. ८.०४ ला कुठे थांबली.

थंडी होती, सकाळी दहा-अकरा अंश असावेत, आणि मापांचं प्रमाण तापमान २० अंश. कुणी विचारेल म्हणून सांगतो, ८ मिमीच्या पोलादात दहा अंशांनी पडणारा फरक एका मायक्रॉनच्या आसपास आहे, आणि पिन व सिलिंडर दोन्ही पोलादच. इथे प्रश्न मायक्रॉनचा नव्हता, शंभराचा होता.

सहा गळ्यांची मापं अशी निघाली: पहिला ८.०२, दुसरा ८.०१, तिसरा ७.९४, चौथा ८.०३, पाचवा ७.९५, सहावा ८.०२. एकाच सिलिंडरमध्ये चार गळे सैल, दोन घट्ट. नळीतून मऊ शिशाचा तुकडा ठोकून काकांनी तिच्या आतल्या पिळदार खाचांमधलं माप काढलं, ते ७.९३. काडतुसांच्या गोळ्या पुंगळीच्या तोंडाशी मायक्रोमीटरने मोजल्या. लाँगची ७.९७. शॉर्टची ७.९२.

इथे मला आमच्या प्रयोगाची चावी सापडली. काडतूस बदललं की गोळी बदलते, वजन बदलतं, जाडी बदलते, दारू बदलते. त्यामुळे "लाँग चांगलं, शॉर्ट वाईट" एवढ्यावरून उडीवर बोट ठेवता येत नाही. पण शॉर्ट काडतूस सहाही चेंबरमध्ये सारखंच आहे. आणि उडीही सहाही चेंबरमध्ये तेवढीच आहे, आठ मिमी. बदलतो तो फक्त गळा. उडीच गुन्हेगार असेल तर सहाही चेंबर सारखेच वाईट निघाले पाहिजेत.

सिलिंडरवर मार्करने आकडे घातले. एका वेळी एकच काडतूस, ठरलेल्या चेंबरमध्ये. आधी लाँग, मग साफसफाई, मग शॉर्ट. प्रत्येक चेंबरमधून सहा, असे ३६ आणि ३६. परवान्यावरच्या काडतुसांच्या मर्यादेत यापेक्षा जास्त परवडणारं नव्हतं. प्रत्येक चेंबरला वेगळा कागद. आप्पांची मुलगी वहीत नोंद करत होती आणि आप्पांना ती कितव्या चेंबरची पाळी आहे हे सांगत नव्हती. काडतूसही तीच भरून देत होती. मधूनच देवळालीच्या बाजूने तोफांचा दबका आवाज यायचा, आप्पा थांबायचे, आवाज विरला की पुन्हा पुढच्या साइटची माशी स्थिर करायचे. चार तास लागले. मनगटाला मध्ये दोनदा विश्रांती.

लाँगचे सहा ग्रुप सगळ्यात दूरच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर धरून ४८ ते ६६ मिमी आले. घट्ट गळा असो वा सैल, फारसा फरक नाही. शॉर्टचे सैल गळ्यांतून आलेले चार ग्रुप ९६ ते १३१ मिमी. आणि तिसऱ्या व पाचव्या चेंबरमधून, त्याच शॉर्टचे, त्याच आठ मिमी उडीचे ग्रुप होते ५८ आणि ६३.

मी ते दोन कागद लाँगच्या कागदांवर ठेवून उजेडाकडे धरले. कुठला कुठला हे सांगता आलं नसतं.

चौथ्या चेंबरचा शॉर्टचा कागद मात्र वेगळाच होता. सहा भोकांतली दोन गोल नव्हती, किंचित लांबट होती. भोकाभोवती शिशाची जी करडी कड उमटते, ती एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाही. गोळी कागदावर सरळ नाकाने आलीच नव्हती, झुकून आली होती. बोटाने ती कड चाचपली तर कागद एका अंगाला जास्त ओढला गेलेला जाणवत होता.

मग उडी निर्दोष का?

नाही. काकांना मी तसं म्हटलं नाही आणि इथेही म्हणणार नाही. शॉर्टची गोळी मोकळ्या जागेत तिरकी होत असणार, तिच्या बाजूने गरम वायू पुढे निसटत असणार. पण पुढे ७.९४ चा गळा आला की ७.९२ च्या गोळीला तिरकं राहायला जागाच उरत नाही. तिला सरळ होऊनच पुढे जावं लागतं, आणि नळीच्या तोंडाशी ती मधोमध पोचते. गळा ८.०३ चा असेल तर ती आली तशीच तिरकी पुढे जाते आणि नळीच्या मागच्या तोंडाशी असलेल्या निमुळत्या कोनात एका खांद्यावर आपटते. शॉर्टचा दाब मुळात कमी, त्यामुळे गोळी मागून दाबली जाऊन फुगेल आणि दहा शतांश मिलिमीटरची फट भरून काढेल ही आशाही फोल. लाँगच्या गोळीला दोन्ही बाजूंनी संरक्षण आहे: ती जाड आहे, आणि पुंगळीतून सुटायच्या आत गळ्यात असते. म्हणून सैल गळाही तिला चालून जातो. घट्ट गळ्यात ती तीन शतांशांनी दाबली जाते, मऊ शिसं ते सहज सोसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की उडीने गोळीला बिघडवण्याची संधी दिली, आणि ती संधी सैल गळ्याने आणि बारीक गोळीने मिळून साधली. तिघांतला एक जरी बाजूला केला तरी आप्पांचे तीन गुण गेले नसते.

काकांनी आकडे दोनदा वाचले. मग म्हणाले, "चाळीस वर्षं मी चेंबर बघितले, गळे कधी वेगवेगळे मोजले नाहीत. सगळे एकाच रीमरने कापून होतात असं धरून चाललो." त्या वयात, सगळ्यांसमोर, एवढं सरळ बोलणारा माणूस मला दुसरा माहीत नाही.

चेंबरमधली कडी

शॉर्टच्या ३६ गोळ्यांनंतर आप्पांनी सवयीने एक लाँग काडतूस घातलं आणि ते शेवटचा थोडासा भाग आत जाईना. अंगठ्याने दाबायला लागले तेव्हा काकांनी अक्षरशः त्यांचा हात धरला.

शॉर्टची पुंगळी जिथे संपते तिथून पुढे चेंबरच्या भिंतीवर जळलेली दारू, मेण आणि शिसं यांची एक कडी जमते. बाहेरून दिसत नाही. बॅटरी लावून तिरकं बघितलं की करड्या रंगाची बांगडी दिसते. लाँग काडतूस त्या कडीत कोंबलं तर पुंगळीचं तोंड आवळलेलं राहतं. गोळी सुटताना त्या तोंडाला उघडायला जागा हवी असते, ती मिळाली नाही तर दाब वाढतो. बत्तीससारख्या सौम्य काडतुसात तो धोका कमी असेल, मॅग्नमच्या चेंबरमध्ये .३८ चालवून मग मॅग्नम कोंबणाऱ्याने मात्र हे मनावर घ्यायलाच हवं. आखूड काडतुसांचा सराव झाला की त्याच दिवशी, रेंज सोडायच्या आत, चेंबर काशाच्या ब्रशने घासायचे.

आणि आणखी एक, कारण त्या दिवशी शेजारच्या एका नव्या परवानाधारकाने हा प्रश्न विचारला. "मग पिस्तुलाचं बत्तीस पण चालेल का यात?" नाही. पिस्तुलाचं .३२ एसीपी हे वेगळं काडतूस आहे. त्याची पुंगळी १७.३ मिमीची, काठ अगदी नावापुरता, आणि ठरवून दिलेला दाब लाँगपेक्षा बराच जास्त. कितीतरी रिव्हॉल्व्हरांत ते बसतं, सुटतंही, आणि म्हणूनच जास्त धोक्याचं. बत्तीस हा आकडा सारखा असला म्हणून काडतूस सारखं होत नाही. नळीवर कोरलेलं पूर्ण नाव आणि पेटीवरचं पूर्ण नाव जुळवून बघायचं, आणि शंका असेल तर आर्मररला विचारायचं.

आप्पांनी काय ठरवलं

गळे घट्ट करता येत नाहीत, धातू काढता येतो, घालता येत नाही. तिसरा आणि पाचवा एवढेच चेंबर वापरून स्पर्धा खेळता येत नाही. जरा जाड गोळीचं शॉर्ट काडतूस मिळालं तर फरक पडेल, पण दुकानदाराकडे तेवढी निवड नसते. उरला तो लाँगकडे परत जाण्याचा रस्ता, आणि मग प्रश्न मनगटाचा.

तो काकांनी सोडवला. मुठीचा लाकडी भाग आप्पांच्या हाताला बारीक होता, त्यामुळे धक्का अंगठ्याच्या मुळाशी एकवटत होता. काकांनी सागाची जाड मूठ तासून दिली. आठवडाभर, रोज संध्याकाळी थोडी थोडी, आप्पांच्या हाताला लावून बघत, जिथे बोटाची खूण उठेल तिथे कानस. फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम चालूच आहेत. साइट पुन्हा लाँगच्या जागी आणलं, आणि स्क्रू किती फिरवला ते या वेळी वहीत लिहून ठेवलं.

उरलेली शॉर्ट काडतुसं जानेवारीत संपवली. दहा मीटरवर, गुणांचा विचार न करता, नुसता चाप नीट दाबण्यासाठी. शेवटचं सुटल्यावर आप्पांनी सिलिंडर उघडला, सहाही चेंबर ब्रशने घासले, बॅटरी लावून एकेकात डोकावले. मग लाँगचं एक काडतूस चौथ्या चेंबरच्या तोंडाशी धरून सोडलं. ते न अडखळता आत गेलं आणि काठ सिलिंडरवर टेकल्याचा बारीक टक् असा आवाज आला.